युनियनची वर्गणी आणि राज्याची वीज

११ फेब्रुवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांनी जाहीर केलं की स्कॅटरगुड, हेन्स आणि हार्बर ही समुद्रकाठची तीन जुनी गॅस वीजकेंद्रं शहर नव्यानं बांधणार नाही. २०२९ पर्यंत ती बंद होतील, असं त्यांनी सांगितलं. पर्यावरणवाद्यांना आनंद झाला. शहराच्या वीज-पाणी खात्यातल्या कामगारांची युनियन, ‘आयबीईडब्ल्यू लोकल १८’, मात्र खवळली आणि तिनं महापौरांविरुद्ध जाहिरातींची आघाडी उघडली. महापौर डेमोक्रॅट, युनियनही त्याच पक्षाची जुनी देणगीदार. पण प्रश्न पोटाचा होता.

दोघांचं वाकडं तसं जुनंच. २०१३ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत या युनियननं गार्सेटींच्या प्रतिस्पर्धी वेंडी ग्रुएल यांच्यासाठी लाखो डॉलर ओतले होते. गार्सेटींनी त्या पैशाचाच प्रचार केला. वीज खात्यातल्या कामगारांशी पगाराची बोलणी करणारा महापौर त्याच कामगारांच्या पैशावर निवडून यायचा का, हा सवाल मतदारांना पटला आणि ग्रुएल हरल्या. त्याआधी मार्च २००९ मध्ये शहरात ‘मेझर बी’ नावाचा प्रस्ताव मतदानाला आला होता. ४०० मेगावॅटची सौरवीज खात्यानं स्वतःच्या मालकीची उभारावी आणि ते काम खात्याच्या युनियनमधल्या कामगारांनी करावं, असा त्याचा आशय. युनियननं त्यामागे ताकद लावली, तरी तो थोडक्यात पडला.

दोनदा पैसा लावला, दोनदा हार पदरी आली. तरीही २०२३ साली शहर परिषदेनं स्कॅटरगुडला हायड्रोजन आणि गॅस यांच्या मिश्रणावर चालू शकतील अशी नवी यंत्रं बसवायला मान्यता दिली. केंद्र जागेवर राहिलं, नोकऱ्याही राहिल्या. याचं सगळं श्रेय युनियनला देणं बरोबर होणार नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी काही वीज शहरातच तयार व्हायला हवी, असं खात्याचे अभियंतेही सांगत होतेच. पण निवडणूक हरूनही धोरणात टिकून राहण्याची ही हातोटी समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या राज्यांचा गेल्या पंधरा-वीस वर्षांचा अनुभव पाहिला तर माझं मत असं झालं आहे की युनियनच्या पैशानं सरकारं क्वचित बदलतात. बदलतात ती कायद्यातली कलमं आणि तारखा.

आधी हा पैसा येतो कुठून ते पाहू. केंद्रीय निवडणुकीत युनियननं आपल्या तिजोरीतून उमेदवाराला पैसे देण्यावर १९४३ साली युद्धकाळापुरती बंदी आली. त्याच वर्षी सिडनी हिलमन या कामगार नेत्यानं ‘सीआयओ’ महासंघासाठी वेगळी राजकीय समिती काढली आणि तिच्यासाठी सभासदांकडून स्वेच्छेनं वर्गणी गोळा केली. आज अमेरिकेत ज्याला ‘पॅक’ म्हणतात, त्याचा हा पहिला अवतार. गंमत अशी की पुढे कंपन्यांनी हेच हत्यार उचललं आणि युनियनपेक्षा कितीतरी सफाईनं चालवलं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं बंदी कायमची झाली. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानं उमेदवारापासून स्वतंत्र राहून केलेल्या प्रचारखर्चावरची बंदी उठवली, कंपन्यांसाठी आणि युनियनसाठीही. २०१८ च्या ‘जेनस’ निकालानं सभासद नसलेल्या सरकारी नोकरांकडून सक्तीनं शुल्क घेणं बंद केलं.

राज्यांच्या निवडणुकांचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात युनियन ठरावीक मर्यादेत उमेदवाराला थेट देणगी देऊ शकते. ही वाट बुजवण्याचा तिथं तीनदा प्रयत्न झाला: १९९८, २००५ आणि २०१२ साली पगारातून कापलेल्या वर्गणीच्या राजकीय वापराला लगाम घालणारे प्रस्ताव लोकांपुढे ठेवले गेले. तिन्ही वेळा मतदारांनी ते फेटाळले.

आणि वीज हा मुळात राज्यांचा कारभार आहे. अपारंपरिक विजेचं प्रमाण किती असावं हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. दर आणि नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्राहकानं ग्रिडला दिलेल्या विजेच्या मोबदल्याचे, नियम राज्याचा आयोग ठरवतो, आणि कॅलिफोर्निया किंवा इलिनॉयसारख्या राज्यांत त्या आयोगाचे सदस्य गव्हर्नर नेमतो. वॉशिंग्टनमधल्या सिनेटरच्या मागे धावण्यापेक्षा राज्याच्या ऊर्जा समितीतल्या चार आमदारांशी संबंध राखणं युनियनला स्वस्तही पडतं आणि फळही लवकर देतं.

‘युनियन’ म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजलं तर इथं फसगत होते. परिचारिका, शिक्षक, सफाई कामगार यांच्या संघटना हवामानाच्या प्रश्नावर बहुतेक वेळा पर्यावरणवाद्यांच्या बाजूच्या असतात. त्यांची नोकरी कोळशावर वा गॅसवर अवलंबून नाही, त्यामुळे त्यांना ते परवडतं, असं म्हणणारे म्हणोत बापडे. बांधकाम क्षेत्रातल्या संघटना, म्हणजे पाइपफिटर, बॉयलरमेकर, वायरमन, अवजड यंत्रं चालवणारे, यांना पुढचा प्रकल्प हवा असतो, मग तो तेलशुद्धीकरणाचा असो की पवनचक्कीचा. तिसरा गट वीज कंपन्यांत नोकरीला असलेल्यांचा. त्यांचं हित कंपनीच्या तब्येतीशी बांधलेलं. राज्याच्या ऊर्जाधोरणात खरा पैसा आणि खरा जोर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा आहे.

हे कॅलिफोर्नियाच्या सौरविजेत जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे कुठं दिसत नाही. वाळवंटातले हजारो एकरांचे सौरप्रकल्प आणि घरांच्या छतावरचे संच, वीज दोन्हींची सारखीच. युनियनच्या लेखी मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. मोठ्या प्रकल्पाचा मालक काम सुरू होण्याआधीच संघटनांशी करार करतो: कामगार युनियनच्या यादीतून घ्यायचे, मजुरी आणि पेन्शन ठरलेल्या दरानं द्यायची, शिकाऊ उमेदवारांना जागा ठेवायची, बदल्यात काम पुरं होईपर्यंत संप करायचा नाही. छतावरचे संच लावणारे व्यवसाय बहुतांशी छोटे, बिगरयुनियन. शिवाय छतावर वीज तयार झाली की वीज कंपनीची विक्री तेवढी घटते, आणि कंपनीच्या पगारपत्रकावरच्या लाइनमनला ते रुचत नाही.

मोठ्या प्रकल्पांचे हे करार आपोआप होत नाहीत. ‘कॅलिफोर्निया युनियन्स फॉर रिलायबल एनर्जी’ ही संघटना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एक ठरलेली चाल खेळते. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल आला की तिचे वकील त्यावर शेकडो पानांची हरकत घेतात: वाळवंटी कासवांचं काय होणार, पाण्याचं काय, उडणाऱ्या धुळीचं काय. मालकानं कामगार करारावर सही केली की हरकतींची धार बोथट होते. टीकाकार याला पर्यावरणाच्या नावानं केलेली खंडणी म्हणतात. आरोपात तथ्य आहेच. पण त्याच हरकतींमधली धूळ खोटी नव्हती. सॅन लुइस ओबिस्पो काउंटीत दोन प्रचंड सौरप्रकल्प उभे राहत असताना, २०११ ते २०१४ दरम्यान, मातीतल्या बुरशीनं फुप्फुसाला होणारा ‘व्हॅली फीवर’ हा आजार ४४ कामगारांना जडल्याचं सरकारी आरोग्य संशोधकांनी नोंदवलं. धूळ फुप्फुसात जाणारा माणूस मजूरच होता. तेव्हा हेतू शंभर टक्के शुद्ध नव्हता म्हणून मुद्दा खोटा, असं म्हणायला मी धजणार नाही.

छतावरच्या सौरविजेबद्दल मात्र मला युनियनची बाजू तितकी पटत नाही. १५ डिसेंबर २०२२ रोजी राज्याच्या आयोगानं नेट मीटरिंगचे नियम एकमतानं बदलले. १५ एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला साधारण तीन चतुर्थांशानं कमी झाला. या बदलाच्या मागे वीज कंपन्या होत्या, तशीच वीज कर्मचाऱ्यांच्या युनियनांची आघाडीही होती. त्यांचा युक्तिवाद असा: छतावर पॅनेल बसवू शकणारा सधन ग्राहक ग्रिडच्या खर्चातला वाटा चुकवतो आणि तो बोजा भाडेकरूंवर पडतो. या युक्तिवादात अर्थ आहे; आयोगाच्या ग्राहक-वकिलांनीही तो मांडला होता. पण बोजा कमी करायचा तर वीज कंपन्यांच्या भांडवली खर्चाकडेही त्याच तिखट नजरेनं पाहायला हवं होतं. ते या आघाडीला कधी जमलं नाही, कारण त्या खर्चातच तिच्या सभासदांचं काम आहे. नियम बदलल्यावर छतावरच्या संचांची मागणी कोसळली आणि त्या छोट्या व्यवसायांतल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांची युनियन नव्हती, त्यामुळे त्यांच्या नावानं कुणा आमदाराला कुणी चेक पाठवलेला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं या निर्णयाचा फेरविचार करायला खालच्या न्यायालयाला सांगितलं.

डिआब्लो कॅन्यनची गोष्ट याच राज्यातली, आणि जरा वेगळ्या चवीची. राज्याच्या विजेपैकी जवळजवळ ९ टक्के देणारं हे अणुवीज केंद्र २०२५ पर्यंत बंद करायचं, असा समझोता २०१६ साली मालक कंपनी, पर्यावरण संघटना आणि आयबीईडब्ल्यू लोकल १२४५ यांनी एकत्र बसून केला. युनियन तयार झाली, कारण कामगारांना शेवटपर्यंत टिकवून ठेवण्यासाठी आणि पुनर्प्रशिक्षणासाठी ३५ कोटी डॉलर राखले होते. २०१८ साली विधिमंडळानं कायदा करून ती रक्कम पक्की केली. पुढे उन्हाळ्यात विजेचा तुटवडा भासू लागला, गव्हर्नर न्यूसम यांनी भूमिका बदलली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र २०३० पर्यंत चालवायचा कायदा झाला. युनियन आनंदानं त्याही बाजूला उभी राहिली. बंद करा म्हटलं तरी कामगाराचा हिशेब चुकता, चालू ठेवा म्हटलं तरी पगार चालू. याला संधिसाधूपणा म्हणायचं की चोख कामगारहित, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला तर वाटाघाटीचा हा नमुना बाकीच्यांपेक्षा स्वच्छ वाटतो, कारण अटी कागदावर होत्या आणि सगळ्यांना वाचता येत होत्या.

दंडेलीची उदाहरणंही आहेत. मार्च २०२० मध्ये सॅन लुइस ओबिस्पो शहर नव्या इमारतींत गॅसऐवजी विजेला उत्तेजन देणारा नियम करणार होतं. गॅस कंपनीतल्या कामगारांच्या युनियनच्या प्रमुखानं शहराला ईमेल पाठवली: नियम पुढे रेटलात तर बस भरभरून निदर्शक आणू आणि त्यांच्यात अंतर ठेवलं जाणार नाही. करोनाचा तो पहिला महिना. मतदान पुढं ढकललं गेलं, काही महिन्यांनी शहरानं नियम केलाच. त्या ईमेलनं युनियनची जेवढी नाचक्की झाली तेवढी कुठल्या देणगीनं झाली नसेल.

आता इलिनॉय. १५ सप्टेंबर २०२१ रोजी गव्हर्नर प्रिट्झकर यांनी तिथं ज्या कायद्यावर सही केली, तो या सगळ्या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा दस्तऐवज आहे. राज्याची वीज २०४५ पर्यंत पूर्ण कार्बनमुक्त करायची, असं त्यात ठरलं. पण मे अखेरीस अधिवेशन संपलं तेव्हा हे विधेयक लटकलेलंच होतं आणि अडलं होतं एका कोळसा केंद्रावर: राज्याच्या दक्षिणेकडचं प्रेअरी स्टेट. नवं, प्रचंड, अनेक नगरपालिकांच्या वीजसंस्थांच्या मालकीचं आणि त्यांच्या कर्जाखाली दबलेलं. पर्यावरणवाद्यांना ते २०३५ ला बंद हवं होतं. बांधकाम संघटना म्हणत होत्या, तिथल्या नोकऱ्यांना हात लावू नका. दुसरीकडे एक्सेलॉन कंपनीनं बायरन अणुकेंद्र १३ सप्टेंबरपासून बंद करण्याची तारीख लावून ठेवली होती आणि तिथले कामगार अनुदानाची वाट बघत होते. थोडक्यात, युनियनांची एक बाजू कायदा लवकर व्हावा म्हणून ओढत होती आणि दुसरी तो सैल व्हावा म्हणून.

राज्याच्या सिनेटनं विधेयक संमत केलं ते बरोबर १३ सप्टेंबरलाच. खासगी कोळसा केंद्रं २०३० पर्यंत बंद. प्रेअरी स्टेटला मात्र २०४५ पर्यंत मुदत, मध्ये २०३५ ला उत्सर्जनात ४५ टक्के कपातीची अट. अणुकेंद्रांना पाच वर्षांत सुमारे ७० कोटी डॉलर. मोठ्या सौर-पवन प्रकल्पांना युनियनशी करार सक्तीचा, मध्यम प्रकल्पांना प्रचलित मजुरी दर सक्तीचा. कोळसा बंद झालेल्या गावांना मदत, आणि कृष्णवर्णीय व गरीब वस्त्यांतल्या तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्रं, कारण बांधकाम युनियनांची दारं त्यांना आजवर फारशी उघडलेली नव्हती. हे शेवटचं कलम युनियननं आणलं नाही; ते वस्त्यांमधल्या संघटनांनी अडून बसून मिळवलं.

या कायद्यात युनियनच्या देणग्यांचा वाटा किती? इलिनॉयमध्ये अवजड यंत्रचालकांच्या लोकल १५० सारख्या संघटना निवडणुकीत मोठा पैसा लावतात, हे उघड आहे. पण एवढ्यानं कलमं लिहून मिळत नाहीत. मिळाली ती संघटनांनी स्वतःची हवामान-आघाडी काढून, अभ्यास करून, मसुदा हातात घेऊन चर्चेला बसल्यामुळे. पैशानं दार उघडलं. आत जाऊन काय मागायचं हे ज्याला ठाऊक होतं त्याला ते मिळालं. हीच पद्धत पुढे देशपातळीवर गेली: २०२२ च्या केंद्रीय कायद्यात प्रचलित मजुरी आणि शिकाऊ उमेदवारांची अट पाळणाऱ्या प्रकल्पाला पाचपट करसवलत ठेवली गेली, ६ टक्क्यांऐवजी ३०. २०२५ च्या कायद्यानं सौर आणि पवनाच्या सवलतीलाच कात्री लावली, तेव्हा त्या अटींचा उपयोगही आटला.

पेनसिल्व्हेनियात उलट चित्र. ईशान्येकडच्या राज्यांच्या कार्बन-लिलाव योजनेत हे राज्य एप्रिल २०२२ मध्ये सामील झालं, ते आधीच्या गव्हर्नरच्या हट्टानं. पिट्सबर्गची बॉयलरमेकर लोकल १५४ आणि बांधकाम संघटनांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला. तिथं पॅकच्या देणगीला वरची मर्यादाच नाही. उमेदवार जॉश शपिरो यांनी बांधकाम संघटनांच्या पाठिंब्याबरोबरच या योजनेबद्दलची शंकाही बोलून दाखवली. गव्हर्नर झाल्यावर प्रश्न समितीकडे गेला, न्यायालयातही तो अडकलेलाच होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्थसंकल्पाच्या तडजोडीत राज्यानं योजनाच सोडली. ज्या होमर सिटी कोळसा केंद्रासाठी हा सगळा आटापिटा, ते योजना एक दिवसही लागू न होता जुलै २०२३ मध्ये बंद पडलं. स्वस्त गॅसपुढे त्याचा टिकाव लागला नाही.

आणि कंपन्यांचा पैसा? त्याच्याशेजारी ठेवला तर युनियनचा पैसा चिल्लर वाटतो. ओहायोत २०१९ साली अणुकेंद्रांना शंभर कोटी डॉलरहून मोठी खिरापत देणारा कायदा झाला. त्यामागे फर्स्टएनर्जी कंपनीची सुमारे ६ कोटी डॉलरची लाच होती; सभागृहाचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ साली वीस वर्षांची शिक्षा झाली. इलिनॉयचेच माजी सभापती मायकेल मॅडिगन यांना वीज कंपनीच्या प्रकरणात २०२५ साली साडेसात वर्षांची. वीज कंपनीला आपला खर्च अखेर ग्राहकाच्या बिलातून काढता येतो, युनियनला सभासदाच्या पगारातून. मॅटो मिल्डेनबर्गर या अभ्यासकानं ‘कार्बन कॅप्चर्ड’ या २०२० च्या पुस्तकात दाखवलं आहे की प्रदूषक उद्योगांना राजकारणात दुहेरी प्रतिनिधित्व मिळतं: उजव्या पक्षात मालकांकडून आणि डाव्या पक्षात त्याच उद्योगातल्या कामगारांकडून. माझ्या मते युनियनच्या पैशाचं खरं वजन इथं आहे. कंपनी आणि युनियन एका बाजूला आल्या की हवामान-धोरणाला दोन्ही पक्षांची दारं बंद होतात. युनियन एकटी पडली की ती हरते.  

आपल्याकडे कामगार संघटनांच्या १९२६ च्या कायद्यानं सर्वसाधारण निधी राजकारणावर खर्चायला मनाई केली आणि कलम १६ नं त्यासाठी स्वेच्छेचा वेगळा निधी ठेवायची मुभा दिली. ही मूळ कल्पना १९१३ च्या ब्रिटिश कायद्यातली. महाराष्ट्रातल्या वीज कामगारांचं राजकीय वजन मात्र त्या निधीतून कधी आलं नाही; ते नेत्यांतून आणि संपातून आलं. वीज कामगारांचे नेते ए. बी. बर्धन १९५७ साली नागपुरातून स्वतःच विधानसभेत गेले होते. आणि अदानी समूहाच्या कंपनीनं भांडुप, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात समांतर वीजवितरणाचा परवाना मागितला तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी राज्याच्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांतले कर्मचारी आणि अभियंते ७२ तासांच्या संपावर गेले. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीसांनी बोलणी केली आणि सरकारी कंपन्यांचं खासगीकरण होणार नाही या आश्वासनावर संप मागे घेतला गेला. अमेरिकेत प्रकल्पाच्या करारातच संपबंदी असते, न्यूयॉर्कसारख्या राज्यात सरकारी नोकराला संपाची कायद्यानंच मनाई आहे. जिथं संप करता येत नाही तिथं चेक फाडावा लागतो.

देणग्यांवर बंदी घातली तर ऊर्जाधोरण स्वच्छ होईल, असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. युनियनचा चेक थांबवला तर खोलीत कंपनीचा वकील एकटा उरेल. त्यापेक्षा देणगी कुणी कुणाला दिली हे मतदानाआधी लोकांना कळावं, आणि ऊर्जा कायद्याच्या चर्चेत ज्यांची युनियनच नाही अशा, छतावर पॅनेल चढवणाऱ्या मजुरांनाही खुर्ची मिळावी, या दोन सुधारणा मला जास्त कामाच्या वाटतात. पहिली बऱ्याच राज्यांत कागदावर आहे. दुसरी कुठल्या राज्यानं मनावर घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.